हप्ता झाल्यावर एक पुस्तक

कामं उरकली असतील तर टेका जरा. नसतील उरकली तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आम्ही बचतीवर बोलणार नाही. कर्जफेडीवरही नाही. म्हणजे थोडं बोलावं लागेल, कारण गोष्ट सुरू झाली तिथूनच.

आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बाया. गटांचं काम बघणाऱ्या दोघी-तिघी बी.ए. झालेल्या, काही जणी सातवी-आठवीपर्यंत गेलेल्या आणि बाकीच्या अंगठा देणाऱ्या. बैठकीत कोणी अहिराणीत बोलतं, कोणी पावरीत, कोणी मावचीत. इतिवृत्त तेवढं मराठीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मावशींनी बाहेरच्या एका कर्जाच्या कागदावर अंगठा दिला. शेजारणीला कर्ज हवं होतं, "तू फक्त साक्षीला," असं मावशींना सांगितलं गेलं. कागदावर त्या जामीनदार होत्या. शेजारीण ऊसतोडीला गुजरातकडे गेली आणि हप्ते थांबले. मग वसुलीचा माणूस मावशींच्या ओट्यावर येऊन बसायला लागला. मावशींनी दोन शेळ्या विकल्या.

आम्हाला झोंबलं ते वेगळंच. त्या दिवशी त्याच अंगणात आमच्यातली एक वाचता येणारी बसली होती, चहा पीत. कागद तिच्या हाताच्या अंतरावर होता. तिने तो वाचला नाही. मावशींनीही "वाच गं जरा" म्हटलं नाही. दुसऱ्याला वाचायला सांगणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत दाखवणं, म्हणून त्या गप्प बसल्या.

मग ठरवलं, दर बैठकीत मोठ्याने काहीतरी वाचायचं. सुरुवात आम्ही अगदी चुकीची केली. कर्जाचे अर्ज वाचले, नियम वाचले. तिसऱ्या बैठकीला अर्ध्या जणी पेंगत होत्या आणि एक तर चक्क घोरत होती. तेव्हा एका वहिनींनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि महिन्याचं पान उलटून मागचा लेख वाचायला घेतला. "आम्ही हे दर महिन्याला वाचतो, कोणाला सांगितलं नाही," म्हणाल्या. कालनिर्णय 1973 पासून निघतंय. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी ते आहे, आणि मागच्या पानाला हात न लावताच महिना उलटायचा.

तिथून प्रथा पडली. हप्ता गोळा झाला, वह्या भरल्या की एकीने एक पुस्तक नाहीतर एक नवलाची गोष्ट सांगायची. अट एकच: स्वतः वाचलेलं किंवा स्वतः पाहिलेलं हवं. ऐकीव चालणार नाही. कर्जाला जसं आपण एकमेकींच्या मागे उभं राहतो, तसं सांगणाऱ्या बाईने त्या पुस्तकामागे उभं राहायचं. आवडलं नाही तर पुढच्या बैठकीत तिला विचारता येतं, "काय गं, हे काय वाचायला लावलंस?" विचारतातही.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'वर. ताराबाई बुलढाण्याच्या. पुस्तक 1882 साली पुण्यात छापलं गेलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. आणि ते लिहायला कारण झालं सुरत! आमच्या नवापूर-नंदुरबारच्या बाया लग्नाचा बस्ता बांधायला जातात ते सुरत. तिथे 1881 मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते आणि जन्मलेलं मूल मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या वागणुकीवर ताशेरे सुरू झाले. ताराबाईंना राग आला आणि त्यांनी सरळ पुरुषांना विचारलं, जे दोष तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक पुढे विसरलं गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा लोकांना ते नव्याने कळलं. म्हणजे नव्वदहून जास्त वर्षं ते कोपऱ्यात पडून होतं.

भाषा जुनी आहे, वाचताना अडखळायला होतं. आम्ही एकेक पान वाचून आपल्या बोलीत सांगत गेलो. एका ताईने मध्येच विचारलं, "त्या मुलाच्या बापाचं काय झालं?" बैठक संपायला त्या दिवशी अंधार पडला. दोघींना घरी बोलणी खावी लागली, हेही सांगून टाकतो.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे आणणाऱ्या ताई म्हणाल्या, "रडायचं पुस्तक असेल असं वाटलं होतं, मी हसून हसून दमले." लक्ष्मीबाईंचं लग्न लहानपणीच झालं, शाळा त्यांनी पाहिली नाही, अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर नवऱ्याकडून. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला आणि घर दुभंगलं, काही वर्षं वेगळं राहणं आलं. हे सगळं त्या अशा सांगतात, जणू आपल्या ओट्यावर येऊन बसल्यात. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं सामानसुमान आधी धुवायचं. हे वाचल्यावर आमच्या बैठकीत आपापल्या सासऱ्यांच्या गोष्टी निघाल्या. त्या इथे सांगत नाही, सासरे रेडिओ ऐकतात.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'ही आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत म्हणून ते सगळ्यांना आवडलं. पण आमच्या ज्वारी-नागलीच्या घरांत त्यातलं किती करायचं यावर थोडी कुरबुर झाली. कुरबुर खरी होती, म्हणून सांगितली.

आता नवल. नवापूरच्या एका वहिनींनी सांगितलं की आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट काढायचं महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर बसतो गुजरातेत. धडगावकडच्या बायांना पटेना. अट होतीच पाहिलेलं सांगायची, तर वहिनी म्हणाल्या, चला दाखवते. सहा जणी गेलो. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र, दुसरीकडे गुजरात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत. रूळ आधीचे आणि राज्यं नंतरची. 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि हद्द स्टेशनातून गेली. आम्ही त्या बाकावर तीन इकडे, तीन तिकडे बसलो आणि डबा खाल्ला. भाकरी गुजरातेत, ठेचा महाराष्ट्रात.

एवढं सगळं होत असताना त्या मावशी, अंगठावाल्या, काही बोलायच्या नाहीत. त्यांची पाळी आली की "मला कुठे वाचता येतं, पुढे चला" म्हणायच्या. दोनदा पुढे चाललो. तिसऱ्यांदा आमच्यातल्या एकीने बहिणाबाई चौधरींचं पुस्तक काढलं आणि कविता वाचायच्या आधी बाईची हकिकत सांगितली. बहिणाबाई आपल्या शेजारच्या जळगावच्या, असोद्याच्या लेक. जन्म 1880 चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करताना तोंडाने रचत जायच्या, मुलगा सोपानदेव आणि एक भाऊबंद ते लिहून ठेवायचे. 1951 मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक बाईंनी पाहिलंच नाही. आज आमच्या मुली ज्या विद्यापीठाच्या परीक्षा देतात, त्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचं नाव आहे.

मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे लिहिणारा दुसरा असला तरी पुस्तक तिचंच?" आम्ही म्हटलं, तिचंच.

पुढच्या बैठकीला मावशी पदराखाली एक वाळलेला दुधी भोपळा घेऊन आल्या. आतून पोकळ, तोंडाला शेणाचं बूच. फोडलं तर आत राखेत घोळलेलं बियाणं, भगर, मोर, वाल, आणि एक जुनी ज्वारी, जी आता आमच्या भागात कोणी पेरत नाही. सासूने दिलेलं, सासूला तिच्या सासूने. कोणतं बी कोणत्या नक्षत्रावर टाकायचं, कोणतं उताराला आणि कोणतं नाल्याकाठी, हे त्या अर्धा तास पावरीत सांगत होत्या. कृषी दुकानातून दर वर्षी बी विकत आणणाऱ्या आम्ही, तोंडात बोट घालून बसलो. सात जणींनी मूठमूठ बी मागून घेतलं. मावशींनी दिलं, पण उधार. पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. आमच्या गटाचा व्याजदर इतका कधीच नव्हता.

आपल्या शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या कवितासंग्रहाचं नाव 'गोधड' आहे. त्यात एक कविता आहे स्टेजबद्दल. स्टेज आदिवासींच्या नावाचं, पण त्यावर बसून त्यांचं दुःख सांगणारे वेगळेच, आणि ज्यांचं दुःख ते खालीच. त्या दिवशी ती कविता आठवून आम्हाला थोडं अवघडल्यासारखं झालं. दोन वर्षं आम्हीच पुस्तकं आणत होतो आणि आम्हीच सांगत होतो.

मावशींचं सगळं आम्ही इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेतलं, दीड पान झालं. शेवटी शिरस्त्याप्रमाणे शाईचा पॅड त्यांच्यापुढे सरकवला. मावशींनी हात मागे घेतला.

"आधी वाच," म्हणाल्या.

वाचलं. मध्येच थांबवलं त्यांनी. आम्ही नुसतं "राख" लिहिलं होतं. "कशाची राख? चुलीतली गोवऱ्यांची लिही. दुसरी चालत नाही, बी किडतं." आम्ही खोडून पुन्हा लिहिलं. मग एका नक्षत्राचं नाव चुकलं होतं, तेही सुधारलं. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग अंगठा दिला.

जामिनकीचे अजून चार हप्ते बाकी आहेत. शेजारणीने गेल्या महिन्यात त्यातले काही पैसे पाठवले. पुढच्या बैठकीत पाळी तोरणमाळकडच्या एका नव्या सुनेची आहे. काय आणणार ते ती सांगत नाहीये, फक्त विचारून गेली की जिवंत वस्तू चालते का.