श्वासाची वाट आणि कारागिराचे हात
(वार्षिक समारंभातील भाषण)



मोठ्या शस्त्रक्रियेत भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून त्याला प्राणवायू द्यावा लागतो. बहुधा हे काम सहज होते. परंतु कोणाची मान आखूड असते, कोणाचा जबडा लहान, तर कोणाचे तोंडच उघडत नाही. नळी गेली नाही आणि हवाही पोचली नाही, तर काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होते.

या अडचणीवर माणसाने कशी मात केली, ते पाहा. घशात सोन्याची वा चांदीची नळी घालून श्वासाला मदत करण्याची सूचना इब्न सीनाने आपल्या ग्रंथात केली होती. १९४३ साली ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी लॅरिंगोस्कोपचे पाते वक्र केले. त्याचे टोक जिभेच्या मुळाशी टेकवून उचलले की स्वरयंत्रावरील झाकण आपोआप वर येते. १९६७ साली मर्फी यांनी पित्तनलिका पाहण्याची लवचिक दुर्बीण नाकावाटे नळी घालण्यासाठी वापरली. लंडनचे डॉ. आर्ची ब्रेन यांनी दंतवैद्यांचा नाकावरचा मुखवटा पाहिला आणि असाच मुखवटा घशात, स्वरयंत्राभोवती बसवला तर, असा विचार केला. मृतदेहांच्या घशाचे प्लॅस्टरचे साचे त्यांनी अभ्यासले, नमुने हाताने घडवले, आणि १९८१ साली पहिला प्रयोग केला. पुढे २००१ साली पात्याच्या टोकाशी कॅमेरा बसवलेले साधन आले.

यांपैकी एकही शोध आकाशातून पडला नाही. समोरची वस्तू नव्या नजरेने पाहणे, मोजमाप घेणे, पुन्हा घडवणे, एवढेच त्याचे रहस्य. म्हणून शरीरशास्त्राइतकीच कार्यशाळेतली कानसही मोलाची आहे. डॉक्टर होणाऱ्याने कारागिराला कमी लेखू नये आणि आयटीआयला जाणाऱ्याने स्वतःला.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतील त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णाला पुष्कळदा जागेपणीच नाकातून दुर्बिणीने नळी घालावी लागते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु पुडी नाकारणारा हात शेवटी तुमचाच हवा. श्वासाची वाट सुकर करणारे साधन घडवणे काहींच्याच नशिबी असेल. ती वाट बंद न करणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

अल्लाह तुमच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज.