सत्तावीस की वीस सात?
(रेडिओवरील भाषण)



२० मे २०२५, मंगळवार. पुण्यात पहाटे डॉ. जयंत विष्णू नारळीकर झोपेतच गेले. वय शहाऐंशी. पुण्यातले लोक सकाळच्या चहाबरोबर ही बातमी ऐकत होते, तेव्हा इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये, घड्याळ साडेसहा तास पुढे होते. दुपारचे तीन, म्हणजे शाळा सुटायची वेळ. ऑर्मिस्टन रोडच्या आसपास त्या वेळी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत बसल्या बसल्या कितीतरी मराठी आईबापांच्या फोनवर घरच्या ग्रुपमधून दोन शब्द आले असतील: नारळीकर गेले. आणि दप्तर टाकून मागच्या सीटवर बसलेल्या मुलाने विचारले असेल, ‘कोण नारळीकर?’ पुढच्या सिग्नलपर्यंत संपेल असे ह्या प्रश्नाचे उत्तर नाही. म्हणून आजचे हे भाषण.

ते एकट्या जयंतरावांविषयी मात्र नाही. त्यांच्या आधी बावीस महिने, १७ जुलै २०२३ रोजी, मंगला नारळीकर गेल्या. त्यांची ओळख बऱ्याचदा ‘नारळीकरांच्या पत्नी’ अशी करून दिली जाई. त्या स्वतः गणितातल्या डॉक्टर होत्या. फ्लॅट बुशच्या मराठी घरांत रोज संध्याकाळी गृहपाठाच्या वेळी जो घोळ होतो, त्यात हात घालण्याचे धाडस ह्या दोघांपैकी मंगलाताईंनी केले होते. तो घोळ कोणता ते पुढे येईलच. आधी बनारसला जाऊ.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वाढले मात्र ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथे गणित विभागाचे प्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर मुलांसाठी फळे केलेले होते. आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे राहिले होते. हा मामा फळ्यावर एक गणित लिहून ठेवी आणि वर मथळा देई: जे. व्ही. एन. साठी आव्हान. गणित सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. जाता-येता, जेवायला बसताना ते गणित समोर असे. उत्तर कोणी सांगत नसे. पुढे ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रात नारळीकरांनी हा फळा आठवणीने लिहिला. त्या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१९५७ साली ते टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल ह्यांचे विद्यार्थी झाले. रेडिओवर बोलताना हॉइल ह्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरच्या एका भाषणात त्यांनी विश्वाच्या जन्माच्या एका कल्पनेला ‘बिग बँग’ म्हटले. ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. विश्व अनादि आहे, ते एका क्षणी स्फोटातून जन्मले नाही, असे त्यांचे मत. नाव मात्र त्यांनी दिलेलेच चिकटले, आणि ज्या सिद्धान्ताशी ते आयुष्यभर भांडले त्याचे बारसे त्यांच्याच हातून झाले, तेही रेडिओवर.

नारळीकर गुरूच्या बाजूने उभे राहिले. १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याच वर्षी जूनमध्ये रॉयल सोसायटीत हॉइल ह्यांच्या भाषणानंतर एक तरुण संशोधक उठला आणि ह्यातली एक राशी अनंत होते, असे सर्वांदेखत म्हणाला. तो स्टीफन हॉकिंग. भारतात मात्र नारळीकरांचे नाव घरोघरी पोचले होते. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्याबरोबर त्यांनी आपल्या सिद्धान्ताची सुधारलेली आवृत्ती मांडली आणि शेवटपर्यंत अल्पमतातच राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

१९७२ मध्ये केंब्रिज सोडून हे कुटुंब मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यानंतर दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला. जगतापांची आद्याक्षरे उलटी वाचली की जे. व्ही. एन. होतात, बनारसच्या फळ्यावरचीच. नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून ही युक्ती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती मंगलाताईंनी.

कृष्णविवराचा एक धागा आपल्या ह्या देशातही येतो. फिरत्या कृष्णविवराचे गणित सोडवले ते रॉय केर ह्यांनी. ते दक्षिण बेटावरच्या कुरो गावचे. त्यांचे समीकरण १९६३ चे, आणि नारळीकरांना पीएच.डी. मिळाली तीही १९६३ सालीच. केर ह्यांचे गणित समजायला विद्यापीठात काही वर्षे काढावी लागतात. नारळीकरांनी मात्र कृष्णविवर दिवाळी अंकाच्या वाचकापर्यंत नेले. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके त्यानंतरची. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, ह्या कल्पनेवरची त्यांची गंगाधरपंतांची कथा इंग्रजीत जाऊन केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात बसली. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे तिथे जाता आले नाही, पण विज्ञान लिहिणारा माणूस त्या खुर्चीसाठी प्रथमच निवडला गेला होता.

आता मंगलाताई. माहेरच्या राजवाडे, जन्म १९४३ चा. मुंबई विद्यापीठातून १९६४ साली गणितात एम. ए., तेही कुलपतींच्या सुवर्णपदकासह. टाटा संस्थेत संशोधन सुरू झाले आणि १९६६ मध्ये लग्न होऊन त्या केंब्रिजला गेल्या. तिथे विद्यार्थ्यांना गणित शिकवले. मुंबईला परतल्यावर तीन मुली, सासू-सासरे, पाहुणेरावळे असे भरलेले घर. त्यातून वेळ काढत त्यांनी संख्यासिद्धान्तावरचा प्रबंध पुरा केला आणि १९८१ मध्ये, लग्नानंतर पंधरा वर्षांनी, पीएच.डी. मिळवली. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या बायका घराला पहिले स्थान देत आल्या आणि आपणही त्यांतल्याच, असे त्यांनी कसलाही आव न आणता लिहून ठेवले आहे. लहान मुलांना गणित शिकवणे हा त्यांचा खरा आनंद. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘गणिताच्या सोप्या वाटा’.

ह्याच वाटेवर २०१९ च्या जूनमध्ये वादळ उठले. मंगलाताई तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ छापून आले, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’. झाले! मराठी भाषा बुडाली, असा गलका झाला. विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीस ह्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरसुद्धा कोटी झाली. मंगलाताई वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून शांतपणे एकच सांगत राहिल्या: जुने शब्द काढलेले नाहीत; ज्या मुलाला ते जड जातात त्याच्यासाठी शेजारी दुसरी वाट ठेवली आहे; कन्नड, तेलुगू, तमिळ मुले अशाच रीतीने मोजतात.

फ्लॅट बुशमध्ये ह्या वादाला कोणी हसणार नाही. इथल्या मराठी मुलाला आकडे लिहायला सांगून पाहा. आपण म्हणतो ‘सत्तावीस’. तोंडातून सात आधी निघतो, कागदावर मात्र दोन आधी लिहायचा. मूल बाहत्तर लिहून मोकळे होते. ‘एकोणसाठ’ ऐकले की त्याला साठ ऐकू येते, एक ऐकू येतो, आणि वहीत उमटतात एकसष्ट. सातचेच बघा: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्याहत्तर. दर दहा पावलांवर हा सात नवे सोंग घेतो. मराठीत शंभरापर्यंत मोजायचे म्हणजे जवळजवळ शंभर शब्द पाठ करायचे. पुण्यात ते रिक्षाच्या भाड्यातून, भाजीच्या हिशेबातून कानावर पडून पाठ होतात. इथे भाजीचा हिशेब इंग्रजीत होतो.

आणि हेच मूल शाळेतून आणखी एक मोजणी शिकून येते, माओरीतली. ताही, रुआ, तोरू, फा, रिमा, ओनो, फितू, वारू, इवा, तेकाउ. हे दहा शब्द आले की नव्याण्णवपर्यंतची वाट मोकळी. सत्तावीस म्हणजे ‘रुआ तेकाउ मा फितू’: दोन दहा आणि सात. एकोणसाठ म्हणजे ‘रिमा तेकाउ मा इवा’: पाच दहा आणि नऊ. ज्या ‘वीस सात’वर महाराष्ट्रात एवढे रण माजले, त्याच ठेवणीवर इथली मुले बिनबोभाट मोजतात.

विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नाशिकची आजी फोनवर ‘मला आता एकोणऐंशी लागले’ म्हणाली, तर नुसत्या ‘सत्तर नऊ’वर वाढलेल्या नातवाला तिचे वय कळणार नाही. जुने शब्द हवेतच. पुस्तकात म्हणूनच दोन्ही होते. भांडणात एवढेच कोणी वाचले नाही.

जयंतरावांनी पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ हे खगोलशास्त्राचे केंद्र उभे केले आणि २००३ पर्यंत ते त्याचे संचालक होते. तिथे मुले सहीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर म्हणत, सही नको मागू. विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि खाली सही असेलच. बनारसच्या मामाचा फळा असा पोस्टकार्डाएवढा झाला.

मोठ्यांनाही त्यांनी फळ्यापाशी उभे केले. फलज्योतिषावर वाद घालण्यापेक्षा त्याची चाचणी घेऊ, असे म्हणून त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे ह्यांच्यासह २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतली १०० मुले हुशार, १०० मतिमंद. पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगा, असे प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका देऊन विचारले. ५१ जण तयार झाले, २७ जणांनी उत्तरे पाठवली, आणि बरोबर आलेल्यांचे प्रमाण पडले ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. पुन्हा सत्तावीस, पण हा निव्वळ योगायोग. चाचणी करायची तर तीही करता येईल.

आणखी एक प्रयोग होता फुग्यांचा. पृथ्वीबाहेरून जीवाणू येत असतील का, हे पाहण्यासाठी हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. त्यातून तीन नव्या जातींचे जीवाणू हाती आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. ते बाहेरूनच आले, असा दावा केला गेला नाही. एका जीवाणूला आर्यभटाचे नाव मिळाले, एकाला इस्रोचे आणि एकाला फ्रेड हॉइल ह्यांचे.

फ्लॅट बुशच्या मधोमध नव्वदहून अधिक हेक्टरांचे बॅरी कर्टिस पार्क आहे. १९८३ पासून २००७ पर्यंत मनुकाऊचे महापौर राहिलेल्या सर बॅरी कर्टिस ह्यांचे नाव त्याला आहे. तिथल्या मोकळ्या मैदानातून आकाश चांगले दिसते, पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ते उलटे दिसते. मृग नक्षत्र डोक्यावर उभे, चंद्रावरचा ससा पाय वर करून. जूनअखेर किंवा जुलैत, थंडीतल्या पहाटे, ईशान्येला ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका उगवतो. माओरी त्याला मातारिकी म्हणतात. त्यांचे नवे वर्ष तिथून धरतात, आणि २०२२ पासून त्याची देशभर सुट्टी असते. त्या पहाटे कानटोपी घालून नातवंडांबरोबर बाहेर पडलेली एखादी आजी वर पाहून म्हणते, ‘अरे, ह्या तर आपल्या कृत्तिका! तिसरे नक्षत्र.’ नातू विचारतो, एकूण किती? आजी सांगते, सत्तावीस. नातू क्षणभर थांबतो, बोटांवर काहीतरी जुळवतो आणि विचारतो, ‘म्हणजे रुआ तेकाउ मा फितू?’