सत्याचे पीस आणि हृदयाचे माप
(प्राचीन इजिप्तमधील देव व धर्मश्रद्धा या विषयावरील व्याख्यान)



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. येथील साधे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे आणि भडोचचे कापड समुद्रमार्गे इजिप्तकडे रवाना होई. ज्या देशाशी या भूमीचा असा व्यवहार होता, तेथील लोकांची श्रद्धा काय होती, हे बेंबळीच्या श्रोत्यांनी जाणून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

इजिप्तमध्ये पाऊस नाममात्र. नाईल नदीचा वार्षिक पूर हाच तेथील अन्नदाता. रोज मावळून पुन्हा उगवणारा सूर्य आणि दरवर्षी ओसरून पुन्हा भरणारी नदी पाहत त्या लोकांची श्रद्धा दृढ झाली की, मृत्यू हा शेवट नव्हे. ‘रा’ हा त्यांचा सूर्यदेव. ओसायरिस या देवास त्याचा भाऊ सेत याने ठार मारले. पत्नी आयसिसने देहाचे तुकडे शोधून सांधले आणि ओसायरिस परलोकाचा राजा झाला. त्यांचा पुत्र होरस. राज्यावर असलेला फॅरो हा होरसचेच रूप मानला जाई.

परलोकी जीवास देहाची गरज भासते, या समजुतीतून ममी तयार करण्याची प्रथा वाढली. देह क्षारात सुकवून तागेच्या तागे कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळीत. या विधीस ७० दिवस लागत. हे कापड जवसाच्या खोडातील धाग्याचे असे. त्याच जवसाच्या बियांची चटणी मराठवाड्यात भाकरीबरोबर खातात. मेंदू निरुपयोगी समजून टाकून देत. हृदय मात्र देहातच ठेवीत, कारण बुद्धी व स्मृती हृदयात वसते अशी त्यांची धारणा होती. हा जिल्हा पूर्वी ज्या निजाम राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादच्या राज्य संग्रहालयात अशी एक ममी आहे.

या श्रद्धेचा गाभा मात्र परलोकीच्या न्यायनिवाड्यात आहे. ओसायरिससमोर तराजू मांडला जाई. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता माआत हिचे शहामृगाचे पीस. कोल्हामुखी अनुबिस तोल पाहत असे, थॉथ हा देव नोंद करीत असे. पापाने जड झालेले हृदय मगरमुखी अम्मित गिळून टाकी. तत्पूर्वी मृतास ४२ देवतांसमोर एकेक पाप नाकारावे लागे. हिंसा, चोरी, असत्य यांबरोबरच तराजूत व जमिनीच्या मापात लबाडी केली नाही, हेही सांगावे लागे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे. घेताना जादा आणि देताना कमी, असे माप ठेवणे. एवढ्या दूरच्या दोन समाजांनी ‘मापात पाप’ सारखेच ओळखले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

भेदही तितकाच स्पष्ट आहे. तेथील धनिक पापे नाकारणारा मजकूर आधीच पपायरसवर लिहवून घेत. काही प्रतींत केवळ नावाची जागा कोरी असे. हृदयाने विरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगा ठेवीत. जैन दर्शनात निवाडा करणारा ईश्वर नाही, म्हणून त्याची मनधरणी नाही आणि तयार कागदही नाही. कर्मबंध कृतीच्या क्षणीच होतो. इजिप्तचा मृत मनुष्य ‘केले नाही’ असे म्हणे. प्रतिक्रमणात श्रावक जिवंतपणीच ‘घडले’ असे म्हणतो.

इजिप्तची चित्रलिपी कोरलेला शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४ चा आहे. पुढे ती लिपी वाचणारेही उरले नाहीत. १८२२ मध्ये शांपोलियाँ या फ्रेंच विद्वानाने ती उलगडली, तेव्हा हा तराजू जगास पुन्हा कळला. ते देव आता पूजेत नाहीत. परंतु गिऱ्हाईक पाठमोरे असताना गज किती ताणून धरला, हे त्या काळी ज्याचे हृदय जाणत होते, त्याचप्रमाणे आजही प्रत्येकाचे जाणतेच. तेवढे माप चोख राहिले, तर व्रताचे निम्मे पालन दुकानातच होईल.

जय जिनेंद्र!