घरचा माणूस आणि बाहेरचा हात

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात जा, तिथे एक तरी माणूस ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या विभागात बहुधा तो एकटाच असतो. मी त्यांच्यापैकीच एक. एका फौंड्रीत चाळीसेक संगणक, एक सर्व्हर, हजेरीचे यंत्र आणि गेटवरचे कॅमेरे सांभाळतो. ‘साहेब, प्रिंटर चालंना’ या हाकेने माझा दिवस उजाडतो.

अलीकडे अशा कारखान्यांत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. संगणकांच्या देखभालीसाठी बाहेरची संस्था नेमावी का? मालक म्हणतात, ‘एकाला पगार देतोच आहे, मग दुसऱ्याला कशाला?’ आणि तो एक मनात म्हणतो, ‘म्हणजे आता माझी गरज संपली की काय?’ दोघांचीही शंका स्वाभाविक आहे, म्हणून तिचा नीट विचार करू या.

पूर्वी संगणक बंद पडला तर हिशेब एक दिवस मागे पडे. आज माल अडतो. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींवर गेलेल्या उद्योगांना दुसऱ्या उद्योगाला माल विकताना ई-इनव्हॉइस काढणे बंधनकारक झाले. त्याचा क्रमांक मिळत नाही तोवर भरलेला ट्रक गेटवरच उभा राहतो. पलीकडे गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन वाट पाहत असते.

आता एकट्या माणसाची अडचण पाहा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या त्रुटीवरचा उपाय १४ मार्च २०१७ रोजी जाहीर केला. त्याच त्रुटीचा फायदा घेऊन ‘वॉनाक्राय’ने जगभरातले संगणक कुलूपबंद केले ते १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. उपाय फुकट होता, पण तो प्रत्येक यंत्रावर बसवायला माणूस आणि वेळ हवा होता. ज्याचा दिवस प्रिंटर आणि जीएसटीच्या तारखांमध्ये जातो, त्याच्या हातून नेमके हेच काम मागे पडते. त्यातच सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ही घटना रात्री दोन वाजता घडली आणि मी गावाकडे लग्नाला गेलेलो असलो तर? बाहेरच्या संस्थेचा उपयोग इथे होतो. रात्रीची राखण, वेळच्या वेळी दुरुस्त्या, बॅकअपवर नजर आणि एकट्या माणसाला येणे शक्य नाही अशा विषयांचे जाणकार तिच्याकडे मिळतात.

मग घरच्या माणसाचे काय? आमच्या प्रयोगशाळेत धातूचे मिश्रण तपासणारे यंत्र आहे. त्याचा संगणक जुन्या विंडोजवर चालतो, कारण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही. बाहेरच्या माणसाला यादीत तो फक्त ‘कालबाह्य संगणक’ दिसेल. भट्टीत लोखंड वितळलेले असताना त्याने तो अद्ययावत करायला घेतला, तर अख्खी हीट खोळंबेल. तो संगणक बदलायचा नसतो, इतरांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवायचा असतो, हे त्या भट्टीशेजारी वावरणाराच सांगू शकतो. बाहेरच्याकडे विद्या असते, पण घर कसे चालते ते घरच्यालाच माहीत असते.

बाहेरचा हात घेताना डोळे मात्र उघडे ठेवावेत. अशा संस्था दुरून संगणक सांभाळण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांपैकी कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच जुलै २०२१ मध्ये खंडणीखोर आत शिरले. कंपनीच्याच अंदाजानुसार दीड हजारांपर्यंत व्यवसायांना झळ पोचली. स्वीडनमध्ये कूप या साखळीची शेकडो किराणा दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रेच चालेनात. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवा कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार खबरदारी म्हणून काही काळ वेगळे काढावे लागले. ज्याच्या हाती अनेक घरांच्या किल्ल्या असतात, त्याच्याकडे चोर आधी जातो.

म्हणून करार करताना चार गोष्टी कागदावर याव्यात. पहिली, कुठले काम कोणाचे. ‘दोघांचे’ असे लिहिलेले काम कोणीच करत नाही. दुसरी, वेळ. फोन किती वेळात उचलणार आणि बिघाड किती वेळात दुरुस्त होणार, हे दोन वेगळे आकडे आहेत. तिसरी, किल्ल्या. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, ईमेलचे मुख्य खाते आणि कारखान्याच्या संकेतस्थळाचे नाव कारखान्याच्याच नावावर हवे. चौथी, बॅकअपची परीक्षा. बॅकअप घेतला जातो, एवढ्यावर समाधान मानू नये. दर तीन महिन्यांनी त्यातला हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा आणि तेव्हा घरचा माणूस शेजारी बसलेला असावा. नाहीतर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते.

मालकांना आणखी एक विनंती. बाहेरच्या संस्थेशी बोलणी करताना आपल्या माणसाला त्या खोलीत बसवा. त्याच्यामागे ठरलेला करार तो मनापासून राबवणार नाही, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे फक्त त्याच्याकडे आहेत ते प्रश्न कोणी विचारणारही नाही. माझ्यासारख्या मित्रांनाही सांगावेसे वाटते. आपल्याला जे माहीत आहे ते वहीत उतरवून ठेवा. सगळे स्वतःच्या डोक्यात ठेवल्याने नोकरी पक्की होत नाही, फक्त रजा मिळेनाशी होते.

व्यवस्था नीट बसली की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. उद्या मी तापाने अंथरुणावर असलो किंवा बाहेरच्या संस्थेने काम सोडले, तरी संध्याकाळचा ट्रक वेळेवर गेटबाहेर पडायला हवा.