इफ्तारच्या वेळी चुलीपाशी कोण?



संयोजकांनी ‘तुर्की आणि भूमध्य समुद्राकाठचा घरगुती स्वयंपाक’ हा विषय दिला, तेव्हा मी एकच अट घातली की कबाबवर बोलणार नाही. कबाब करणारे उस्ताद वेगळे, त्यांची निखाऱ्यांची भट्टी वेगळी, आणि ते खायला तिथली माणसंही बहुधा बाहेरच जातात. पतीच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं इझमीरमध्ये राहिले. शेजारणींच्या घरी त्या काळात मी जे खाल्लं त्यात मांस फार कमी होतं. डाळीचं सूप, तेलात शिजवलेल्या भाज्या, दही, गव्हाचे प्रकार, ऑलिव्ह आणि पाव, असं ते जेवण. इथे परत आल्यावर ओळखीच्या बाया विचारायच्या, “मग काय, रोज बिर्याणी-कबाब?” मुसलमान म्हटलं की मटण, आणि मुसलमानांचा देश म्हटलं की दुप्पट मटण, हा हिशेब आपल्या लोकांच्याही डोक्यात पक्का बसलाय.

पण आज मी आले ते दुसऱ्या कारणासाठी. रमजान तोंडावर आहे. आपल्या मोहल्ल्यातलं कुठलंही घर घ्या. असरची नमाज झाली की घरातली बाई कढईपाशी उभी राहते. भजी, समोसे, कटलेट, रोल, वर फळांची चाट, शरबत, आणि रात्रीच्या जेवणाचं वेगळं. रोजा तिचाही असतो. पहाटे सहरीसाठी सगळ्यांत आधी तीच उठलेली असते. अजान होते तेव्हा सगळे दस्तरखानावर बसलेले आणि ती शेवटचा घाणा काढत असते, खजूर तोंडात टाकते तीसुद्धा उभ्यानेच. हे चित्र मी रंगवून सांगत नाहीये, इथे बसलेल्या निम्म्या जणींच्या चेहऱ्यावर ते आत्ता दिसतंय.

तुर्कस्तानात इफ्तारची सुरुवात खजूर, ऑलिव्ह, थोडं चीज अशी होते आणि लगेच सूप येतं. सूप हाच पाया. बहुतेक घरांत ते मसुराचं असतं, तिथे त्याला ‘मेर्जिमेक चोर्बासी’ म्हणतात. ‘चोर्बा’ ऐकल्यावर आपला शोरबा आठवला ना? तोच शब्द आहे. आता प्रमाण लिहून घ्या. एक वाटी मसूर डाळ, एक मोठा कांदा, एक छोटं गाजर, एक छोटा बटाटा. कांदा थोड्या तेलावर परता, त्यात चमचाभर टोमॅटोची पेस्ट घाला, ती नसेल तर दोन टोमॅटो चांगले आटेपर्यंत परता. मग बाकी सगळं, सहा वाट्या पाणी, मीठ, अर्धा चमचा जिरेपूड. कुकरला तीन शिट्ट्या. घोटून घ्या किंवा मिक्सरमधून काढा. कामाचा वेळ पंधरा मिनिटं, आणि हे दुपारीसुद्धा करून ठेवता येतं. वाढताना एका छोट्या कढल्यात लोणी गरम करायचं, त्यात वाळलेल्या पुदिन्याची पूड आणि लाल मिरचीची भरड टाकायची आणि ते सुपावर ओतायचं. हिला आपण फोडणीच म्हणणार. वर लिंबू पिळायचं, आणि ते भरपूर पिळायचं. पुदिना मात्र वाळलेलाच हवा, ताज्याला तो वास येत नाही. जुडी आणून सावलीत वाळवा, महिनाभर पुरेल.

सुपाबरोबर पाव. रमजानमध्ये तिथे ‘पिदे’ नावाचा खास गोल, जाडसर पाव निघतो, वरून बोटांनी जाळी उमटवलेली, तीळ आणि कलौंजी लावलेला. तो कुणी घरी करत बसत नाही. इफ्तारच्या आधी भट्टीसमोर रांग लागते, आणि त्या रांगेत मला मुलं आणि पुरुष भरपूर दिसायचे. गरम पिदे कागदात गुंडाळून काखेत धरून धावत घरी. आपल्याकडेही बेकरी आहे, तंदूरवाला आहे. रोज पंधरा चपात्या लाटण्याऐवजी महिनाभर एका माणसाने रांगेत उभं राहायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी घरी विचारला होता. पहिले दोन दिवस शांतता होती. आता आमच्याकडे पाव आणण्याचं काम माझ्या धाकट्या दिराकडे आहे आणि तो ते नीट करतो.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नका. कायसेरी शहराच्या ‘मांती’ प्रसिद्ध आहेत, खिम्याच्या इवल्याशा मोदकासारख्या. एका चमच्यात चाळीस मावल्या पाहिजेत अशी तिथली म्हण, आणि होणाऱ्या सुनेची पारख त्यावरून करायची रीत. एका चमच्यात चाळीस! ज्याने हे माप काढलं त्याने स्वतः एकही वळली नसणार. दुसरी गोष्ट ‘एझोगेलिन’ सुपाची. मसूर, बुलगुर, तांदूळ, मिरची घालून केलेलं हे सूप आज तुर्कस्तानात कुठल्याही खाणावळीत मिळतं. ‘गेलिन’ म्हणजे सून, नवरी. गाझियांतेपजवळच्या खेड्यातली एझो नावाची ही मुलगी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. दुसरं लग्न करून सरहद्दीपलीकडे सीरियात गेली, आणि माहेरच्या ओढीने झुरत तिथेच वारली. कडक सासूला खूश करायला तिने हे सूप केलं, असं सांगतात. तिच्यावर गाणी झाली, सिनेमे झाले. आणि रोज हजारो माणसं तिचं नाव घेऊन सूप मागवतात. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या बाईला यात काही परकं वाटणार नाही.

पण बायकांनी स्वतःसाठी काढलेल्या वाटाही आहेत. ‘आल्तन गुन्यू’, म्हणजे सोन्याचा दिवस. दहा-बारा मैत्रिणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतात, प्रत्येकजण सोन्याचं छोटं नाणं आणते आणि ती सगळी नाणी त्या महिन्याच्या यजमानिणीला मिळतात. ही सरळसरळ आपली भिशी, फक्त सोन्यात. त्या दिवशीचा हमखास पदार्थ ‘कसर’. बारीक बुलगुर गरम पाण्यात भिजवायचा, त्यात टोमॅटोची आणि मिरचीची पेस्ट, पातीचा कांदा, भरपूर पार्सली, लिंबू, डाळिंबाचा आटवलेला आंबट रस आणि तेल. चूल पेटवायचीच नाही. मी इथे पार्सलीऐवजी निम्मी कोथिंबीर, निम्मा पुदिना घेते आणि डाळिंबाच्या रसाऐवजी चिंचेचा घट्ट कोळ, किंचित गूळ घालून. बुलगुर म्हणजे गहू आधी उकडून, वाळवून भरडलेला. आपला दलिया कच्च्या गव्हाचा असतो, म्हणून तो नुसता भिजवून चालत नाही, शिजवून निथळून गार करून घ्यावा लागतो. चव थोडी वेगळी येते, पण भिशीला चालते.

आता भाज्या. इझमीरच्या स्वयंपाकाचा खरा कणा इथे आहे. ‘झेयतिनयाला’ म्हणजे ऑलिव्हच्या तेलातली भाजी. श्रावणघेवडा, लीक, आर्टिचोक, वांगं, काहीही घ्या. कांदा, टोमॅटो, तेल, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडंसंच पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायचं आणि गार करून खायचं. मसाला नाही. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला हे आजाऱ्याचं जेवण वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी श्रावणघेवड्याची स्वतःची चव कळली. याचा व्यवहारातला फायदा सांगते. गार खायची असल्यामुळे ही भाजी सकाळीच होऊन जाते, संध्याकाळी तिच्यामागे धावावं लागत नाही. ऑलिव्ह तेल आपल्याकडे महाग आहे, सगळ्यांनी ते घ्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. मी शेंगदाणा तेलात शिजवते आणि घरात असेल तर चमचाभर ऑलिव्ह तेल शेवटी कच्चं घालते.

‘दोलमा’ म्हणजे भरलेलं. शेअर रिक्षासारख्या गाड्यांना तिथे ‘दोलमुश’ म्हणतात, शब्द त्याच धातूपासून आलाय, म्हणजे गच्च भरल्याशिवाय गाडी हलत नाही. भात, बेदाणे, पाइनचे दाणे, पुदिना भरून केलेल्या बिनमांसाच्या दोलमेला ‘यालांजी’ म्हणतात, म्हणजे खोटारडी. मांस नाही म्हणून खोटी! आणि खरं सांगू का, मला खोटीच जास्त आवडते. पाइनच्या दाण्यांऐवजी मी चारोळी घालते, कुणी तक्रार केलेली नाही. भरल्या वांग्याची तर गोष्टच आहे. ‘इमाम बायलद’, इमाम बेशुद्ध पडले. कुणी म्हणतं चवीने पडले, कुणी म्हणतं बायकोने किती तेल ओतलं ते कळल्यावर पडले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ‘तेयझें’चं मत दुसऱ्या बाजूचं होतं. तेयझे म्हणजे मावशी, वयस्कर बाईला असंच म्हणायचं. मी त्यांना सवयीने एकदा ‘खाला’ म्हटलं तर त्या हसल्या, कारण त्यांच्या भाषेत ‘हाला’ म्हणजे आत्या.

या तेयझेंचं घराणं मूळचं क्रीट बेटावरचं. इथे थोडं थांबते. 30 जानेवारी 1923 रोजी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. साधारण बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानकडे. कोण कुठे जाणार, हे भाषेवरून नाही, धर्मावरून ठरलं. क्रीटच्या कितीतरी मुसलमानांची मातृभाषा ग्रीक होती. तुर्की न येणारी माणसं ‘आपल्या’ देशात पाठवली गेली. फाळणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही माणसं इझमीर, आयवालिक भागात उतरली तेव्हा त्यांच्याबरोबर रानभाज्या ओळखायचं ज्ञान होतं. स्थानिक लोक हसायचे. शेतात गाय आणि क्रीटवाला एकदम शिरले, तर आधी क्रीटवाल्याला हाकला, गायीचं पोट तरी भरतं, असा एक विनोद अजून ऐकायला मिळतो. आज त्याच भाज्या तिथल्या महागड्या हॉटेलांत मिळतात. तेयझेंनी एकदा बाजारात मला ‘सेमिझोतु’ दाखवली आणि मी जोरात म्हणाले, “अहो, ही तर आमची घोळ!” होय, आपल्या बांधावरची घोळीची भाजी. ती तिथे कच्ची खातात. पानं आणि कोवळी देठं धुऊन, घट्ट दही, ठेचलेली लसणाची एक पाकळी, मीठ, वरून तेल. करून बघा. आपल्याकडे घोळीला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडतात, आणि जुडी अजून दहा-पंधरा रुपयांना मिळते.

हा पदार्थ कुणाचा, यावर तिकडेही भांडणं चालतात. दोलमा आर्मेनियन म्हणतात आमची, ग्रीक म्हणतात आमची, अझरबैजानने ती 2017 साली युनेस्कोच्या यादीत नोंदवली. ‘भूमध्य आहार’ याच यादीत 2013 साली सात देशांच्या नावे आहे आणि त्यांत तुर्कस्तान नाही, त्याच वर्षी तुर्की कॉफीची नोंद मात्र झाली. इझमीरचा सकाळचा लाडका पदार्थ ‘बोयोझ’, 1492 नंतर स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी आणलेला. रस्त्यावर उभं राहून उकडलेल्या अंड्याबरोबर तो सगळेच खातात, खाताना कुणी त्याची वंशावळ विचारत नाही. सगळ्यांत गंभीर वाद मी ऐकला तो अंडी-टोमॅटोच्या ‘मेनेमेन’मध्ये कांदा घालावा की नाही यावर. त्यावर नवरा-बायकोत अबोला झालेला पाहिलाय.

शेवटचं, ‘आशुरे’. मोहर्रमची दहावी तारीख आली की गहू, छोले, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, सुके अंजीर, जर्दाळू, बेदाणे असं सगळं एकत्र गोड शिजवायचं, वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड. नूह अलैहिस्सलामांची नाव किनाऱ्याला लागल्यावर उरलंसुरलं सगळं एका भांड्यात शिजवलं, अशी त्याची दंतकथा. आर्मेनियन ख्रिस्ती जवळजवळ हेच ‘अनुशाबुर’ नावाने नवीन वर्षाला करतात. आपल्याकडे मोहर्रमला खिचडा होतो, तोही गव्हाचाच, आणि आपणही तो वाटतो. तिथली रीत अशी की आशुरे लहान भांड्यांत करत नाहीतच. मोठं पातेलं, आणि इमारतीतल्या प्रत्येक दारावर एक वाटी, ओळख असो वा नसो. मला इमारतीतल्या निम्म्या लोकांची नावं त्या एका दिवशी कळली. वाटी रिकामी परत करायची नाही हेही तिथे आहे, आपल्यासारखंच.

तर या रमजानला माझ्या घरी असं ठरलंय: आठवड्यातून दोनच दिवस तळण. बाकीचे दिवस खजूर, सूप, बेकरीतला पाव, एक गार भाजी, दही. सूप घोटायचं काम मुलाचं, भांडी नवऱ्याची, पाव दिराचा. सासूबाईंना पहिल्या आठवड्यात भजी नाहीत म्हणून चुकल्यासारखं वाटेल, त्यांच्यासाठी चार काढीन. पण अजान होईल तेव्हा मी बसलेली असेन.

पुरुष मंडळी मागच्या रांगांत बसली आहेत, त्यांच्यापैकी कुणी मसुराचं प्रमाण लिहून घेतलेलं मला दिसलं नाही. पुन्हा सांगते, पेन काढा: एक वाटी डाळ, सहा वाट्या पाणी, एक कांदा, एक छोटं गाजर, एक छोटा बटाटा, तीन शिट्ट्या.