पांढरा पोशाख आणि बाळूंचा चेंडू

(रत्नागिरी येथे तरुण खेळाडूंच्या सभेत केलेले भाषण)



भात झोडून शेते मोकळी झाली की आपल्या जिल्ह्यात गावोगाव क्रिकेटचे सामने सुरू होतात. मुंबईचे चाकरमानीही त्यासाठी रजा काढून येतात. हे आम्हांस मनापासून आवडते. पण सामन्याआधी महिनाभर चर्चा कसली चालते? जर्सीवर नाव कोणत्या अक्षरांत छापावे, बूट कोणत्या कंपनीचे घ्यावेत, काळा चष्मा कोणाकडे आहे! सराव मात्र आदल्या सायंकाळी. काजू विकून ज्या घरचे मीठमिरची भागते, त्या घरचा मुलगा बुटांसाठी आईपाशी हट्ट धरतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

कोकणातल्या पालवण गावावरून ज्यांचे आडनाव पडले ते बाळू पालवणकर तुमच्यापैकी कितीकांस ठाऊक आहेत? जन्म 1876, जात चांभार. पुण्यात पारशांच्या क्लबात दरमहा 3 रुपयांवर ते खेळपट्टी झाडीत व रूळ फिरवीत. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे साहेब तासन्‌तास फलंदाजी करीत आणि बाळू चेंडू टाकीत. त्यांच्या हाती बॅट देण्याचे कोणाच्या मनात आले नाही. फलंदाजी सभ्य गृहस्थांची, गोलंदाजी नोकराची, अशी तेव्हाची रीत! ग्रेग नावाचा साहेब आपल्याला बाद केल्यास दर खेपेस 8 आणे देई, असे सांगतात. साहेबांस वाटे आपला सराव चालला आहे. खरा सराव चालला होता तो बाळूंचा. डाव्या हाताची बोटे, चेंडूची उंची, वेगातला फरक, सारे त्या मजुरीत तयार झाले. जांभ्याचा चिरा खाणीत कसा सुटतो हे चिरेखाणीवरच्या माणसास कळते, बंगल्याच्या मालकास नव्हे, तसेच हे.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांस घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले, कारण त्यांच्यावाचून साहेबांस हरविता येईना. मैदानात त्यांच्या हातचा कातडी चेंडू सर्वजण झेलीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंस बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! चेंडूस विटाळ नाही आणि कपास आहे, हे शास्त्र कोणत्या पोथीतले, ते आम्हांस अद्याप कोणी दाखविलेले नाही. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने तर बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टीवर रूळ फिरवून फिरवून ती कठीण केली. बाळूंनी तेथेही 7 गडी बाद केले.

1911 साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज. त्यांनी सामने मोजकेच खेळले, मेजवान्यांत ते अधिक रमले. संघाने 23 सामन्यांपैकी 15 गमावले. त्या पडझडीत बाळूंनी एकट्याने 114 गडी बाद केले. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीचे.

आता कोणी म्हणेल, मग पोशाखास विचारतो कोण? बंधूंनो, इतके सोपे नाही. पोशाख, इंग्रजी बोलणे, जेवणाची पंगत, यांवरच क्लबाचे दार उघडे किंवा बंद होई. नुसत्या कौशल्याने बाळूंस हिंदू संघाचे कप्तानपद कधी मिळाले नाही. 1920 साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी या अन्यायाबद्दल उघड निषेध करून खेळण्यास नकार दिला, आणि 1923 साली विठ्ठल कप्तान झाले. कौशल्य होते म्हणून त्या नकारास वजन आले. चांगले बूट घालून तो नकार दिला असता, तर त्यांच्या जागी दुसरे बूटवाले मिळाले असते.

बूट घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. कातळावर अनवाणी धावून पाय फोडण्यात कसली मर्दुमकी? पाय सांभाळील तो बूट घ्यावा. छापील जर्सीच्या वर्गणीतून मात्र या वर्षी चेंडू आणावेत, खेळपट्टीवर माती टाकावी, आणि दिवाळीपासून रोज पहाटे तासभर मैदानात उतरावे. आणखी एक पाहावे. तुमच्या मंडळात झाडीत गेलेला चेंडू आणावयास नेहमी एकच मुलगा धावत असेल, तर तो कोणाचा, आणि आजवर त्याच्या हाती किती षटके दिलीत?