भिगवणला लेन्स घेऊन जाताय?

थंडी पडली की पुण्यातले कितीतरी कॅमेरे भिगवणला, उजनीच्या बॅकवॉटरला निघतात. तुम्हीही निघाला असाल तर आधी हे ऐका.

उजाडतानाच होडीत बसा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग लाखाची लेन्स असली तरी लांबच्या पक्ष्याची पिसं धूसरच येतात. होडी हलते, त्यामुळे ट्रायपॉड विसरा. ४०० एमएमला शटर १/२००० ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू दे. थोडा नॉइज चालतो, हललेला फोटो नाही चालत.

आता खरा मुद्दा. "दादा, जरा उडवा ना त्यांना!" असं नावाड्याला सांगू नका. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, जागच्या जागी उडत नाही. पाण्यावर धावत धावत वर उठतो. प्रत्येक होडीने एकेकदा उडवलं तर तो खाणार कधी? पट्टकादंब तर हिमालय ओलांडून आलेला असतो! नावाडी बिचारा गिऱ्हाईक नाराज नको म्हणून ऐकतो. म्हणून तुम्हीच सांगा, "दादा, लांबच थांबवा, इंजिन बंद करा." मग पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा. माना वर करून बघणारे रोहित पुन्हा चोच उलटी करून पाण्यात घालतात, आणि कधीकधी चरत चरत होडीकडेच सरकतात.